जुन्या टाटा ४०७ ट्रकचं स्टेअरिंग ढिलं झालंय, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू अ‍ॅडजस्ट करायला घरी टूल बनवता येईल का?

तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, सरळ रस्त्यावरही ती सारखी सावरावी लागते, आणि बॉक्सवरचा लॉक नट आवळायला गेलं की मधला स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो, असं तुम्ही लिहिलंय. टूल घरी बनतं. आमच्या गॅरेजात आम्ही असं बनवलेलंच टूल वापरतो. पण वेल्डिंग मशीन काढण्याआधी प्ले (चाक न हलता स्टेअरिंग मोकळं फिरतं तो ढिलेपणा) नक्की बॉक्समध्येच आहे ना, ते बघून घ्या. स्टेअरिंग ढिलं म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा बॉक्स ठीक असतो आणि झीज दुसरीकडेच निघते. अशा गाडीचा स्क्रू आवळला तर चांगला बॉक्स खराब होतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ. एकाला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून बघा. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली आलेला हात) जागचा हलत नाही, तर प्ले बॉक्सचा. स्टेअरिंग फिरतंय पण बॉक्सचा शाफ्टच उशिरा फिरतोय, तर कॉलमचा जॉइंट गेलाय. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक हलत नाही, तर ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांच्या एंडवर हात ठेवा. खराब एंड हाताला लगेच कळतो. बॉक्स चेसिसवर जिथे बोल्टने धरलाय तिथेही नीट बघा. बोल्ट सैल असतील किंवा तिथे चेसिसला तडा असेल, तर अख्खा बॉक्सच हलताना दिसतो.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि तिचे बुश झिजलेत. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि टायरची हवा हेही बघून घ्या, त्यानेही गाडी भरकटते.

प्ले मोजूनच ठेवा. डॅशबोर्डवर तारेचा तुकडा असा बांधा की त्याचं टोक स्टेअरिंगच्या कडेजवळ येईल. कडेवर चिकटपट्टी लावा. पुढचं चाक जेमतेम हलायला लागतं तिथे डावीकडची खूण करा, मग उजवीकडची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगवरचा हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ३० अंश म्हणजे घड्याळातलं एका तासाचं अंतर. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर कडेला जवळपास १२ सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. रोज माल भरून चालणाऱ्या गाडीला एवढा प्ले मी तरी ठेवणार नाही.

हे सगळं बघून दोष बॉक्सचाच निघाला तर टूल. कल्पना टॅपेट सेट करतानाचीच आहे: नट बाहेरून फिरला पाहिजे आणि मधला स्क्रू वेगळा धरता आला पाहिजे. वर मोकळी जागा असेल तर रिंग पाना आणि त्यातून घातलेला स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर काम होतं, काही बनवू नका. नट खोलगट जागेत असेल किंवा पाना चेसिसला अडत असेल तेव्हा हे बनवायचं.

लॉक नटाच्या मापाची, अर्ध्या इंची चौकोनाची गोटी (सॉकेट) घ्या. तिचं चौकोनी भोक आरपार असतं, म्हणजे त्यातून १० मिलिमीटरचा गोल रॉड सहज जातो आणि मोकळा फिरतो. गोटीच्या वरच्या कडेला बाहेरून साधारण १५ सेंटिमीटरची लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करा, हा नटाचा दांडा. वेल्ड करायच्या जागेवरचा क्रोम आधी ग्राइंडरने काढा आणि मोकळ्या हवेत काम करा, तो धूर छातीला वाईट. गोटी स्वस्तातली चालेल, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिचा कडकपणा तसाही बिघडतो. म्हणून या दांड्यावर पाईप चढवून जोर करू नका. नट गंजून बसला असेल तर आधी तेल सोडून, साध्या पान्याने मोकळा करा.

आतल्या रॉडसाठी जुना लांब स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात बरा. मूठ कापून टाका, वर आडवा तुकडा वेल्ड करून टी करा. टोकाचं कडक पोलाद जसंच्या तसं मिळतं. वेल्ड करताना टोकाकडे ओलं फडकं गुंडाळा. टोक पाचरीसारखं निमुळतं असेल तर ते खाचेतून वर उसळतं, म्हणून दोन्ही बाजू समांतर घासा आणि खाचेत घट्ट बसेल असं करा. स्क्रूला अ‍ॅलनचं तोंड (षटकोनी खळगा) असेल तर त्या मापाच्या अ‍ॅलन कीचा सरळ तुकडा रॉडच्या टोकाला जोडा. टीच्या एका हाताला पांढरा रंग द्या. ही रंगाची खूण मला टूलमधली सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण स्क्रू किती फिरला ते तिच्यावरूनच दिसतं.

आता अ‍ॅडजस्टमेंट. मागच्या चाकांना ठोकळे, पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. लिंक सुटलेली असताना टोकाला आपटू दिलं तर आतल्या बॉलच्या नळ्यांना इजा होते. बॉक्समधलं तेल बघा. शाफ्ट वर-खाली किंवा पुढे-मागे हलत असेल तर वर्मचं (शाफ्टच्या आतल्या टोकाचा आटे असलेला भाग) बेअरिंग आधी ठीक करा, त्याशिवाय या स्क्रूला हात लावू नका.

लॉक नट सैल करा आणि स्क्रू एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, एवढाच आत घ्या. बहुतेक बॉक्समध्ये उजवीकडे फिरवल्यावर प्ले कमी होतो, तरी ड्रॉप आर्म हाताने हलवून खात्री करा. मध्यावरचा प्ले गेला की थांबा. रॉडने स्क्रू जागेवर धरून बाहेरच्या दांड्याने नट आवळा, आणि पुन्हा तपासा, कारण नट आवळताना स्क्रू किंचित सरकतो.

हे बॉक्स मुद्दाम असे बनवलेले असतात की मध्यावर दाते सगळ्यात जवळ येतात आणि बाजूंना थोडी मोकळीक राहते. त्यामुळे अ‍ॅडजस्टमेंट फक्त मध्यावरच करायची. बाजूचा प्ले घालवायला गेलात तर गाडी सरळ चालताना बॉक्स जखडेल, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येणार नाही. वजन करायचा स्प्रिंग काटा असेल तर तो कडेला अडकवून ओढा: मध्यावरून जाताना आकडा थोडासा वाढला पाहिजे, एकदम उडी नको. तुमच्या बॉक्सचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

आणि मध्यावरचा प्ले गेला पण बाजूंना अडकतंय, असं झालं तर वर्म आणि सेक्टर (ड्रॉप आर्म फिरवणारा दातेरी भाग) मध्यभागी झिजलेत. स्क्रू मागे घ्या आणि बॉक्स उघडायची तयारी करा. तिथे कुठलंही टूल, घरचं किंवा कंपनीचं, उपयोगाचं नाही.

लिंक परत बसवताना नवीन स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून किंवा तार वळवून घालू नका, ही पिन तुटली तर स्टेअरिंग हातात आणि गाडी भलतीकडे. पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, हळू. पॉवर स्टेअरिंगच्या बॉक्सवर हा उपाय करू नका, तो वर्कशॉपमध्येच न्यावा.

स्क्रूला खाच आहे की अ‍ॅलनचं तोंड, आणि नटाच्या वर चेसिसपर्यंत किती जागा आहे, ते कळवा. जागा फारच कमी असेल तर गोटी कापून बुटकी करावी लागेल. कुठून कापायची ते सांगतो.