ट्रायल्सची यादी कशी वाचायची

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परळला टाटा मेमोरिअलमध्ये रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून रुजू होणार, हे वाचून बरं वाटलं. तिथल्या ट्रायल्सची, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांची, यादी वरून खाली वाचत बसलीस आणि काहीच हाती लागलं नाही म्हणतेस. लागणारही नाही. यादी लांब आहे म्हणजे संशोधन मोठं, असा हिशेब तर मुळीच करू नकोस.

आधी नावांचा घोळ मिटवते. टाटा मेमोरिअल सेंटर हे होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. त्यामुळे नोंदींवर कधी परळचं रुग्णालय दिसेल, कधी खारघरचं टाटाचंच संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, कधी वाराणसी किंवा गुवाहाटीचं केंद्र. एकच ट्रायल दोनदा मोजली जाणार नाही एवढं बघ.

मग सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर, जाऊन प्रत्येक नोंदीत पहिल्यांदा स्पॉन्सरचा, म्हणजे ट्रायलची जबाबदारी घेणाऱ्याचा, रकाना उघड. प्रश्न कुणाला पडला होता, ते तिथे कळतं. औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, बाहेरून आलेला असतो आणि आपलं केंद्र अनेकांपैकी एक असतं. ते काम वाईट नाही, पण त्यातून विद्यापीठाची ओळख पटत नाही. ओळख पटते ती तिथल्याच डॉक्टरांना ओपीडीत पडलेल्या प्रश्नांवरून.

निवोलुमॅबचंच बघ. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर हे औषध चालतं, पण पूर्ण डोसचा खर्च आपल्याकडे फार थोड्यांना झेपतो. टाटाच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा. कमी खर्चाच्या तोंडी औषधांच्या जोडीला हा लहान डोस मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. नुसत्या तोंडी औषधांवर असलेल्यांमध्ये १६.३ टक्के. आपलंच औषध कमी विकलं जावं म्हणून कोणती कंपनी ट्रायल करेल? मात्र रुग्ण १५१ च होते आणि लहान डोसची तुलना पूर्ण डोसशी केलेली नव्हती, हे विसरू नकोस. ‘लहान डोस तेवढाच गुणकारी’ असं या ट्रायलने सिद्ध केलेलं नाही. लोक सर्रास तसं बोलतात.

सगळ्यात जास्त वेळ दे तो मुंबईच्या वस्त्यांमधल्या तपासणीच्या ट्रायलला. १९९८ साली सुरू झाली. जेमतेम दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची तपासणी करायची, तीही व्हिनेगरमध्ये असतं ते अ‍ॅसिटिक आम्ल लावून. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल जागच्या जागी. एका गटाची तपासणी, दुसऱ्याची नाही; दोन्ही गटांत पाऊण-पाऊण लाख बायका. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच बायकांची स्तनांचीही हाताने तपासणी होत होती. त्याचं उत्तर यायला २०२१ उजाडलं, आणि ते इतकं सरळ नव्हतं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पण सगळ्या वयोगटांचा मिळून फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. एकाच ट्रायलमधून दोन उत्तरं, आणि दुसऱ्यासाठी वीस वर्षांचा फॉलोअप. ‘चालू आहे’ असा शेरा वर्षानुवर्षं दिसला की ट्रायल रखडली असं लगेच समजू नकोस, ते यासाठी.

या ट्रायलवर टीकाही झाली, आणि ती तू वाचायला हवीस. कंट्रोल गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटातल्या, बायकांना आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही. तेव्हा देशात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, हा संशोधकांचा बचाव. मला तो पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही.

तारखांबद्दल थोडं. सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झाली, म्हणून जुन्या ट्रायल्सची नोंद उशिराची असेल तर त्यात काळंबेरं शोधू नकोस. एप्रिल २०१८ पासून मात्र पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. त्यानंतरच्या ट्रायलमध्ये नोंदणीची तारीख, पहिल्या रुग्णाची तारीख आणि मुख्य निष्कर्ष म्हणून काय मोजायचं ठरलं होतं, या तिन्ही गोष्टी छापील शोधनिबंधाशी ताडून बघ. मोजायची गोष्ट मध्येच बदलली असेल तर कारण विचार.

आणि ‘फायदा नाही’ असं सांगणाऱ्या ट्रायल्स गाळू नकोस. स्तनाचा कॅन्सर आधीच इतरत्र पसरलेल्या ३५० बायकांमध्ये मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढतं का, हे टाटाने तपासलं. नाही वाढलं: गाठीवर उपचार झालेल्यांच्या आयुष्याचा मध्यक (निम्म्या जणी जगल्या तेवढा काळ) १९.२ महिने, न झालेल्यांचा २०.५. हा निकाल २०१५ चा. त्यामुळे किती जणींची नको असलेली शस्त्रक्रिया वाचली असेल! वर्तमानपत्रात मथळे येतात ते मात्र ‘फायदा झाला’ म्हणणाऱ्या निकालांचे.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुझ्या ट्रायलचा स्क्रीनिंग लॉग मागून घे. ट्रायलमध्ये येता का असं किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले आणि का, हे त्यात असतं, रजिस्ट्रीत नसतं. मुक्कामाची सोय नाही म्हणून लातूर-नांदेडचे रुग्ण नाही म्हणत असतील, तर निकाल मुंबईजवळ राहणाऱ्यांपुरता उरतो. त्याच दिवशी कन्सेंट फॉर्मची, म्हणजे रुग्णाच्या संमतीपत्राची, मराठी प्रतही वाच, मोठ्याने. जिथे तू अडखळशील तिथे पेन्सिलने खूण कर, आणि दिवाळीला येशील तेव्हा ती प्रत घेऊन ये; दोघी मिळून बसू.

तुझी,
मॅडम