नळी ‘सुरक्षित’ करायची की ‘पक्की’?

शस्त्रक्रियेआधी रुग्णाला वाचायला द्यायच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करताना एका ताईंकडून असं वाक्य झालं: ‘सामान्य भूल दिल्यानंतर श्वासनलिका सुरक्षित केली जाईल.’ मूळ इंग्रजीत ‘ट्यूब सिक्युअर करणे’ आहे, म्हणजे भुलीत श्वासासाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी हलणार नाही अशी बसवणे. ‘सुरक्षित’ त्यांना खटकतंय. त्याऐवजी ‘घट्ट बांधली जाईल’ चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

खटकतंय ते योग्यच आहे, पण ‘घट्ट’नेही काम भागणार नाही. शिवाय त्या वाक्यात आणखी दोन दुखणी आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

ज्याला धोका नाही ते सुरक्षित. पैसे बँकेत सुरक्षित, पोर आजीपाशी सुरक्षित. नळीला कसला आलाय धोका? असलाच तर तो टेबलावर झोपलेल्या माणसाला. इंग्रजी ‘सिक्युअर’चा लॅटिन पूर्वज ‘काळजीविना’ अशा अर्थाचा. त्यातून इंग्रजीत एक फांदी ‘निर्धोक’कडे गेली आणि दुसरी ‘हलणार नाही असं बसवलेलं’ या अर्थाकडे. आपल्या ‘सुरक्षित’ला ही दुसरी फांदी कधी फुटलीच नाही. म्हणून मिक्सरच्या पुस्तिकेत ‘स्क्रू सुरक्षित करा’ असं वाचलं की हसू येतं. मराठी माणूस स्क्रू आवळतो, दोर बांधतो, खुंटी ठोकतो, दाराला कडी घालतो. प्रत्येक कामाला आपलं वेगळं क्रियापद आहे, आणि भाषांतर करताना नेमकं तेच हातून सुटतं.

आता गंमत अशी की भूलतज्ज्ञांच्या बोलण्यात हा ‘सिक्युअर’ दोन ठिकाणी येतो आणि त्यातल्या एका ठिकाणी ‘सुरक्षित’ अगदी चपखल बसतं. ते ‘एअरवे सिक्युअर झाला’ म्हणतात तेव्हा श्वासाची वाट हाती आली, असं त्यांना म्हणायचं असतं. पूर्ण भुलीत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, आणि पोटातलं काही वर आलं तर ते फुप्फुसांत उतरायची भीती असते. नळी श्वासनलिकेत गेली आणि तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा फुगवला की ही भीती बरीच कमी होते. इथे ‘श्वासाचा मार्ग सुरक्षित केला’ हे बरोबर, कारण धोका खरोखर मार्गाला होता. ‘ट्यूब सिक्युअर केली’ ही त्यानंतरची पायरी. आत गेलेली नळी आता जागची हलता कामा नये. शब्द एकच, कामं दोन. माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं आधी कुठलं काम चाललंय ते बघावं.

प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरात कुणी ‘सुरक्षित’ म्हणत नाही, ‘पक्की’ही म्हणत नाही. तिथे ‘ट्यूब फिक्स केली’ म्हणतात. माझी मावसबहीण भूलतज्ज्ञ आहे. ‘एकवीसला फिक्स कर’ हे तिच्या तोंडचं रोजचं वाक्य. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. मोठ्या बाईमाणसाला साधारण २० ते २१ आणि पुरुषाला २२ ते २३ ही खूण दातांपाशी येते. ‘एकवीसला’ म्हणजे २१ची खूण दातांशी धरून. चतुर्थीचा हा ‘ला’ मला फार आवडतो. ‘सातला ये’, ‘दहाला विकलं’, तशी ‘एकवीसला फिक्स’.

हे फिक्स करणं जवळून बघण्यासारखं असतं. चिकटपट्टीचे तुकडे सिस्टरनी आधीच कापून ट्रॉलीच्या कडेला लावून ठेवलेले असतात. पट्टी अर्ध्यापर्यंत उभी चिरायची, पायजम्याला दोन पाय असतात तशी. न चिरलेला भाग गालावर चिकटवायचा, एक पाय वरच्या ओठावरून आडवा न्यायचा आणि दुसरा नळीभोवती गुंडाळायचा. मुख्य आधार शक्यतो वरच्या जबड्याचा घेतात, कारण खालचा हलतो. दाढी असली, चेहरा भाजलेला असला किंवा लाळेनं ओला होणार असला की पट्टी धरत नाही. मग सुती फितीनं नळी मानेभोवती बांधतात. म्हणजे नेमकं लिहायचं तर पट्टी असेल तिथे ‘चिकटवणे’, फीत असेल तिथे ‘बांधणे’. (फितीला कुणी ‘नाडी’ म्हणेल. कापडाच्या दुकानात ते चालेल, पण दवाखान्याच्या कागदावर ‘नाडी बांधली’ वाचून रोग्याचा हात मनगटावर जाईल.)

दोन्ही प्रकारांना मिळून एक शब्द हवा तर ‘पक्की करणे’. हा ‘पक्का’ संस्कृत ‘पक्व’पासून आला. शिजलेला, पिकलेला, भाजलेला आणि मग आपोआपच न ढळणारा, न सुटणारा. पक्की वीट, पक्का रंग, पाढे पक्के. यात कुठेही दाब नाही. ‘घट्ट’मध्ये मात्र दाब आहे. झाकण घट्ट, गाठ घट्ट, ब्लाउज घट्ट. नळीच्या बाबतीत हा फरक नुसता शब्दांचा राहत नाही. फीत घट्ट आवळली तर ओठाचा कोपरा कापतो. मानेतल्या शिरा दाबल्या जाऊन डोक्यातलं रक्त खाली यायला अडतं, म्हणून मेंदूच्या शस्त्रक्रियेत मानेभोवती फीत बांधायचं शक्यतो टाळतात. नळी पक्की हवी, घट्ट नको. ‘घट्ट बांधली जाईल’ असं छापलं तर शब्द चुकेलच, शिवाय घशाला काहीतरी आवळणार या कल्पनेनं वाचणारा आदल्या रात्री झोपणार नाही.

‘स्थिर करणे’ही काहींनी सुचवलंय. व्याकरणानं त्यात काही खोट नाही. पण ‘प्रकृती स्थिर आहे’ हे वाक्य दवाखान्याच्या दारात इतक्यांदा ऐकू येतं की ‘स्थिर’ शब्द रोग्याच्याच मालकीचा झालाय. ‘जखडणे’ तर नकोच, ते कैद्यासाठी.

पक्की केली नाही तर नळीचं काय होतं, यालाही मराठीत चांगले शब्द आहेत. ती ‘निसटते’ किंवा ‘सरकते’. निसटणं म्हणजे बाहेर येणं, यात शंका नाही. सरकण्याला मात्र दिशा जोडावी लागते, कारण आत सरकणंही तितकंच वाईट. नळी फार आत गेली की बहुधा उजव्या फुप्फुसाच्या शाखेत शिरते, कारण ती शाखा जास्त सरळ उतरते, आणि मग डाव्या फुप्फुसाला हवा मिळत नाही. हनुवटी छातीकडे वाकवली की टोक आत जातं, मान मागे टाकली की बाहेर येतं, मोठ्या माणसात सुमारे २ सेंटिमीटर. तान्ह्या बाळाची अख्खी श्वासनलिकाच जेमतेम ४-५ सेंटिमीटरची, तिथे थोडं सरकणंही पुष्कळ झालं. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी रोग्याला पालथं केलं की म्हणूनच दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, हे स्टेथोस्कोपनं पुन्हा ऐकतात. (‘पालथं’ म्हणा हो. त्याच माहितीपत्रकात पुढे ‘अधोमुख स्थितीत’ आहे. उताणं, पालथं, कुशीवर हे शब्द घरातल्या सगळ्यांना कळतात.)

आता राहिलेली दोन दुखणी. ‘श्वासनलिका’ हा आपल्या शरीराचा भाग, ती जन्मापासून आपल्यापाशी आहे. बाहेरून घालतात ती ‘नळी’. शरीरातली ती नलिका, बाजारातली ती नळी, अशी सोयीची वाटणी मराठीनं करूनच ठेवलीय, ती मोडू नये. मटणातल्या नळीचा इथे विचार करायचं कारण नाही.

आणि ‘सामान्य भूल’! हे यंत्राचं भाषांतर दिसतंय. ‘सामान्य भूल’ वाचून मराठी माणसाला वाटेल की कुणाची तरी साधीशी चूक झाली. लोक ‘पूर्ण भूल’ म्हणतात. कमरेतून देतात ती ‘अर्धी भूल’, आणि तेवढ्याच जागेपुरती असेल तर ‘जागा बधिर करणे’. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात विभागाच्या पाटीवर ‘बधिरीकरणशास्त्र’ असतं. ते पाटीवर शोभतं, रोग्याच्या हातातल्या कागदावर नाही. ‘भूल’ हा शब्द ईथरच्या, म्हणजे भुलीच्या जुन्या औषधाच्या, कितीतरी आधीचा. भूल घालणे, भूल पडणे, रानभूल. आहे ते भान तात्पुरतं हरपणं हा त्याचा गाभा, आणि पूर्ण भुलीत तेच तर होतं.

ताई, ‘केली जाईल’सुद्धा काढून टाका. मी असं लिहीन:

‘तुम्हाला पूर्ण भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनलिकेत एक मऊ नळी घालतात. ती हलू नये म्हणून चिकटपट्टीनं किंवा फितीनं पक्की करतात. शस्त्रक्रिया संपली आणि तुम्ही नीट श्वास घेऊ लागलात की नळी काढतात. त्यानंतर घसा एक-दोन दिवस खवखवू शकतो.’

‘टाकतात’ की ‘घालतात’ यावर हवं तर वाद घाला. बोलताना ‘नळी टाकली’ सर्रास चालतं, पण कागदावर मला ‘घालतात’ जास्त मायेचं वाटतं.