विमान पकडलंत, गाडी कोणाच्या भरवशावर?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनी लिहिलेली वाटली, म्हणून ती एकत्रच घेतो. तिसरं पत्र छोटं आहे, ते शेवटी.

प्रश्न १

आम्ही विमाननगरमध्ये दत्त मंदिर चौकापासून आत राहतो. सोसायटी जुनी, बारा बिऱ्हाडांची. वर्षभरापासून आमच्या गल्लीत अनोळखी मोटारी येऊन थांबतात. माणूस बॅगा उतरवतो, रिक्षा करतो आणि जातो. मोटार चार-चार दिवस, कधी आठवडाभर तिथंच. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. गेल्या महिन्यात गेटच्या तोंडाशी लावलेल्या एका पांढऱ्या मोटारीमुळे टँकर वळेना. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून गल्ली उठवली आणि टँकर तसाच परत नेला. आम्ही ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी लावली, कुंड्या मांडल्या. लोक कुंड्या सरकवून गाडी लावतात. आमच्यातले काही जण म्हणतात, हवा सोडा, म्हणजे अद्दल घडेल. काका, आमच्या दारासमोरची जागा आमची नाही का?

— एक वाचक, विमाननगर, पुणे

प्रश्न २

मी शिरूरचा. रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीच्या कामासाठी दिल्ली किंवा चेन्नईला जाणं-येणं असतं. विमान पहाटेचं, त्यामुळे घरून रात्रीच निघतो. विमानतळाच्या पार्किंगमध्ये चार दिवस गाडी ठेवायची तर ते पैसे माझ्याच खिशातून जातात, कंपनी देत नाही. म्हणून जवळच्या एखाद्या गल्लीत लावतो. कुणाच्या गेटसमोर लावत नाही, ‘नो पार्किंग’चा फलक आहे का तेही बघतो. मागच्या खेपेला परत आलो तर दोन चाकं बसलेली आणि काचेवर चिठ्ठी : ‘हे विमानतळ नाही.’ रात्री साडेअकराची वेळ, स्टेपनी एकच. रस्ता सरकारी आहे, रोड टॅक्स मी भरलेला आहे. माझं काय चुकलं?

— एक वाचक, शिरूर

उत्तर

ती पांढरी मोटार शिरूरच्या भाऊंचीच होती असं मी म्हणत नाही. पण मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली त्या काळात असे दोन पक्ष टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले पाहिले आहेत. दोघंही ‘रस्ता’ या एकाच गोष्टीवर हक्क सांगतात, आणि दोघांचाही हक्क ते समजतात तेवढा नसतो.

आधी विमाननगरच्या ताईंचं. गल्ली महापालिकेची असेल तर दारासमोरची जागा तुमची नाही. तुम्ही तिथं तीस वर्षं राहत असाल, झाडाला पाणी घालत असाल, सकाळी झाडत असाल, तरी नाही. कुंड्या, टायर, दगड, साखळ्या मांडून जागा अडवणं हे उलट तुमचंच अतिक्रमण ठरतं आणि महापालिका ते उचलून नेऊ शकते. ‘फक्त रहिवाशांसाठी’ या पाटीला पुण्यात तशी किंमत आहेच, पण ती वाचण्यापुरती. कायद्यात तिला आधार नाही. मात्र एक गोष्ट तपासा. विमाननगर, साकोरेनगर भागात काही गल्ल्या मंजूर लेआउटमधले आतले रस्ते आहेत, ते महापालिकेकडे गेलेले असतीलच असं नाही. तुमच्या सोसायटीची कागदपत्रं काढा, क्षेत्रीय कार्यालयात विचारा. रस्ता अजून खासगी असेल तर सगळंच बदलतं. मग कोणी आत यायचं हे रस्त्याचे मालक ठरवू शकतात.

रस्ता सार्वजनिक असला तरी हात चोळत बसायचं कारण नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२७ आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. सार्वजनिक जागी एखादं वाहन दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा मागे कुणी नसताना सोडलेलं असेल, तर ते उचलून नेण्याचा किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्याचा आदेश हद्दीतला गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. पार्किंगला मनाई असलेल्या जागी गाडी असेल तर दहा तासांचीही वाट बघावी लागत नाही. आणि उचलून नेण्याचा खर्च मालकावर, दंड वेगळा.

दहा तास! शिरूरकर भाऊ, तुमची गाडी चार दिवस होती. ‘नो पार्किंग’चा फलक नव्हता हे तुमचं म्हणणं मी खरं धरतो, पण फलक नाही म्हणजे मुक्काम करायला मोकळीक आहे असं नव्हे. आता तुम्ही म्हणाल, पुण्यात लाखो मोटारी रात्रभर रस्त्यावर असतात, त्यांना कोण उचलतं? बरोबर आहे. कायद्याने अधिकार दिला आहे, रोज प्रत्येक गाडीवर वापरायची सक्ती केलेली नाही. रात्री रस्त्यावर लावलेल्या गाडीचा मालक वरच्या मजल्यावर झोपलेला असतो. टँकर आला, वॉचमनने बेल वाजवली, की तो लुंगीवर खाली येऊन गाडी मागे घेतो. तुम्ही तेव्हा चेन्नईत मीटिंगमध्ये असता. गाडी लावण्यात तुमचं फारसं बिघडलं नाही. ती हलवू शकेल असं कुणीही मागे ठेवलं नाहीत, तिथं तुमचं चुकलं. पोलीस नंबरावरून तुमचा फोन काढतीलही, तुम्ही उचललाही असेल, पण उत्तर काय देणार? ‘शुक्रवारी येतो’?

रोड टॅक्सचं म्हणाल तर गाडी रस्त्यावर वापरण्यासाठी ठेवल्याचा तो कर आहे. त्यात विमाननगरमधली जागा भाड्याने मिळत नाही. ताईंनीही तो भरलेलाच असणार.

पुण्यात आणखी एक गोम आहे, ती बाहेरगावच्या माणसाला हमखास चकवते. अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ असे फलक असतात : एक दिवस गाड्या रस्त्याच्या या बाजूला, दुसऱ्या दिवशी समोरच्या. सोमवारी बरोबर बाजूला लावलेली गाडी मंगळवारी आपोआप चुकीच्या बाजूला असते. चलन आता फोटो काढून मोबाइलवर येतं, तुम्ही हजर असायची गरज नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७खाली पहिल्या वेळी ₹५००पर्यंत, पुन्हा केल्यास ₹१,५००पर्यंत दंड आहे. त्यात टोइंगचे पैसे मिळवा आणि रात्री साडेअकराला, बॅग हातात घेऊन, गाडी कुठल्या चौकीच्या आवारात नेऊन ठेवली आहे ते शोधत फिरण्याची किंमत तुम्हीच लावा.

आता हवा सोडण्याबद्दल. ताई, हे अजिबात करू नका, आणि जे करतात त्यांना तुमच्या बैठकीत सगळ्यांसमोर थांबवा. दुसऱ्याच्या मालमत्तेची मुद्दाम नासधूस हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४खाली गुन्हा आहे. व्हॉल्व्हची पिन काढली तर ‘नुसती हवा सोडली’ असा बचाव होईलही, पण बसलेल्या चाकावर गाडीचं वजन तीन-चार दिवस राहिलं की टायरची बाजू चिरडते आणि ते टायर टाकून द्यावं लागतं. मग नुकसान काही हजारांत जातं. तुमच्याच गेटवरच्या कॅमेऱ्यात तुमचेच सभासद दिसतात, ही गंमत वेगळीच. शिवाय यातून साधलं काय? जी गाडी हलायला हवी होती ती आता हलूच शकत नाही. टँकर मालकासाठी अडला होता, पुढच्या वेळी हवेसाठीही अडेल.

करायचं ते असं. गाडीचा फोटो नंबरासह, मागे तुमचं गेट दिसेल असा काढा. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा. दोन्हींवर तारीख-वेळ असू द्या. दहा तास उलटल्याचा याहून सोपा पुरावा नाही. तुमच्या भागाच्या वाहतूक शाखेत हे फोटो घेऊन समक्ष जा, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या. गेट किंवा टँकरची वाट अडली असेल तर फोटो-बिटो नंतर, आधी ११२ला फोन. कुणाच्या मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर गाडी उभी करायला २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांनीच, म्हणजे गाडी चालवण्या-लावण्याच्या नियमांनीच, मनाई केली आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२प्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशी गाडी ठेवताच येत नाही. अर्जात ‘बाहेरचे लोक गाड्या लावतात’ असं लिहू नका, ते वाचून कुणी हलत नाही. ‘टँकर आणि अग्निशमनची गाडी आत वळू शकत नाही’ असं लिहा. पुण्याचं विमानतळ आहे ते लोहगाव हवाई दलाचाही तळ आहे. त्याच्या आसपास दिवसेंदिवस कुणाची ती कळत नाही अशी मोटार उभी आहे म्हटल्यावर पोलीसही तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, हेही सांगून ठेवतो.

कायमचा उपाय हवा असेल तर गल्लीच्या वळणावर, जिथं टँकर फिरतो तेवढ्याच भागात, अधिकृत ‘नो पार्किंग’ मागा. वाहतूक पोलीस आधी तात्पुरता आदेश काढतात, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात, मग तो कायम करतात. अख्खी गल्ली मागितलीत तर पहिली हरकत तुमच्याच सोसायटीतून येईल, कारण दुसरी गाडी घेतलेले सभासद तिथंच लावतात. मी पैज लावतो.

भाऊ, तुमच्यासाठी. एअरोमॉल, म्हणजे टर्मिनलसमोरचं बहुमजली पार्किंग, नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू झालं. एका रात्रीचा दौरा असेल तर विचार न करता तिथं लावा. चार दिवसांचे पैसे टोचतात हे मान्य, पण ते तुमच्या खिशातून का जावेत? शिरूरहून विमानतळापर्यंत जायची-यायची टॅक्सी कंपनी देणार असेल तर पार्किंगची पावतीही प्रवासखर्चात बसते. हिशेब मांडून दाखवा. टॅक्सीच्या दोन फेऱ्यांपेक्षा पार्किंग स्वस्त पडत असेल तर लेखा विभागही ऐकतो. तरी नाहीच म्हणाले तर गाडी आणूच नका. नगरहून पुण्याला येणाऱ्या एसटी नगर रस्त्यानेच येतात. विमाननगरच्या कोपऱ्याला उतरलात की विमानतळ रिक्षाच्या अंतरावर. रामवाडीपर्यंत मेट्रोही मार्च २०२४पासून धावते, पण पहाटेच्या विमानाला ती उपयोगाची नाही आणि तुम्ही येताही उलट दिशेने.

खराडी, वडगाव शेरी, धानोरी, कुठं ना कुठं पाहुणे असतीलच. शिरूरच्या माणसाचं पुण्यात कुणी नाही हे मला पटत नाही. त्यांच्या सोसायटीत पाहुण्यांची जागा असेल तर सचिवाला आधी सांगून, वॉचमनच्या वहीत नंबर नोंदवून लावा, आणि किल्ली पाहुण्यांच्या हातात द्या. किल्ली देताना एक सांभाळा. गाडी चोरीला गेलीच तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली घरी नक्की कुठं आहे हे निघण्याआधी बघा. आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर रस्त्यावर ठेवलेल्या गाडीचं काहीही झालं, चोरी, फांदी, पाणी, एक रुपया मिळणार नाही. जुन्या गाड्यांचे मालक पैसे वाचवायला हेच करतात आणि मग ती गाडी वळवाच्या तोंडावर गुलमोहराखाली लावून जातात. विमाननगरमध्ये ती सावली बघून भुलू नका. गुलमोहराची फांदी ठिसूळ असते, पहिल्या वाऱ्याला खाली.

आणि एवढं सगळं सांगूनही कधी नाइलाजाने गल्लीतच लावायची वेळ आली, तर ज्याच्या भिंतीलगत लावता त्याची बेल वाजवा. ‘शुक्रवारपर्यंत ठेवू का?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर पुढे चला. हो म्हणाले तर किल्ली त्यांनाच द्यायची तयारी ठेवा. अनोळखी माणसाला किल्ली द्यायला जीव धजत नसेल, तर अनोळखी माणसाच्या दारात गाडी ठेवायलाही धजू नये.

प्रश्न ३

मुलीकडे जर्मनीला दोन महिन्यांसाठी जातोय. गाडी आमच्याच सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असेल, मधे पावसाळा. काय करून जाऊ?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

तुमची गाडी कुणाच्या वाटेत नाही, त्यामुळे माझं काम सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा; बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. पण त्याआधी सगळे दरवाजे कुलूपबंद कसे करायचे ते मॅन्युअलमध्ये बघा, कारण नंतर रिमोट चालणार नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाच्या दमटपणात मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि परत आल्यावर गाडी जागची हलत नाही. जमीन सपाट असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून विटा लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे वायपरच्या खालची जाळी. तिथं पानं साचली की पाणी वाहून जायची भोकं बुजतात आणि ते आत, थेट पायाखालच्या गालिच्यात उतरतं. हात घालून साफ करा, आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा तेवढंच करायला सांगा. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरून बुरशी येते. उंदरांसाठी लोक बॉनेटखाली तंबाखू ठेवतात. त्याने उंदीर जातात की नाही हे उंदरांनाच विचारायला हवं, गाडीला वास मात्र राहतो. त्यापेक्षा डॅशबोर्डच्या कप्प्यातली बिस्किटं आणि शेंगदाण्याच्या पुड्या काढा.

विम्याची आणि पीयूसीची मुदत त्या दोन महिन्यांत संपत असेल तर विमा निघण्याआधीच भरून ठेवा. पीयूसी परत आल्यावर गाडी बाहेर काढाल त्या पहिल्याच फेरीत, घराजवळच्या पंपावर.