लघवीत थायोसायनेट जास्त आलं, म्हणजे सायनाइड अंगात जातंय का?

तुम्ही प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) सायनाइड बाथवर काम करता, बिडी ओढता आणि लघवीतलं थायोसायनेट 'हाय' आलंय. या एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. अंगात गेलेल्या सायनाइडचा बराचसा भाग यकृतात थायोसायनेट होऊन लघवीवाटे जातो हे खरं, पण बिडीच्या धुरातही हायड्रोजन सायनाइड असतं आणि कोबी-मोहरीच्या जातीच्या भाज्यांतूनही थायोसायनेट वाढतं. मूत्रपिंडं ठीक असतील तर ते निम्मं व्हायला साधारण 3 दिवस लागतात. म्हणजे रिपोर्टमध्ये आधीच्या काही दिवसांची बेरीज दिसते.

म्हणून नमुने दोन द्या. एक सुट्टीनंतर कामावर चढण्याआधी, दुसरा आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर. दोन्ही एकाच लॅबमध्ये, क्रिएटिनीनच्या (लघवी किती दाट आहे ते सांगणाऱ्या घटकाच्या) प्रमाणात. नाहीतर पाणी कमी प्यायल्यानेही आकडा फुगतो. त्या आठवड्यात बिड्या आणि जेवण नेहमीसारखंच असू द्या (बिडी सोडणार असाल तर उत्तमच, मग नमुने महिनाभराने द्या). तरीही दुसरा आकडा ठळक वाढला, तर कामावरचा संशय धरा. हवा मोजून काही सापडलं नाही, तरी हातमोजे तपासा. द्रावण कातडीतूनही शिरतं.

धूम्रपान ओळखायला लॅब कोटिनीन (निकोटीनपासून अंगात बनणारा पदार्थ) बघते. पण तंबाखू मळून खाणाऱ्याचं कोटिनीनही वाढलेलं येतं, आणि त्याच्या अंगात धूर गेलेला नसतो. डॉक्टरांना दोन्ही सवयी वेगवेगळ्या सांगा.

रक्तातलं सायनाइड नेहमीच्या तपासणीला फारसं कामाचं नाही, काही तासांतच उतरतं. करायचंच तर पूर्ण रक्त हवं, कारण ते लाल पेशींत बसतं. सीरम (पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव) पाठवलं तर खोटा दिलासा मिळतो. ट्यूब काठोकाठ भरून घट्ट बंद, बर्फात. हायड्रोजन सायनाइड 26 अंशांनाच उकळतं, सैल बुचातून निसटून जातं.

बाथमध्ये ॲसिड पडून वाफ झाली आणि माणूस कोसळला, तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघायची नाही. मास्क-सिलिंडरशिवाय आत शिरू नका. बाहेर काढून ऑक्सिजन द्या आणि उतारा असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता आला नाही की साचणारा पदार्थ) मिनिटांत कळतं. 8-10 मिलिमोल प्रतिलिटरच्या पुढे असेल तर सायनाइडचा संशय पक्का होतो.

तुमच्यासाठी आत्ता टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) जास्त मोलाचं. थायोसायनेट थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाही. इजिप्तमधल्या 3 प्लेटिंग कारखान्यांच्या 1975 च्या अभ्यासात 36 पैकी 20 कामगारांची थायरॉईड ग्रंथी वाढलेली आढळली होती.