गेमिंग पीसी तयार घ्यावा की भाग आणून स्वतः जोडावा?

तुम्ही लिहिलंय की आजवर स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही, आणि "ब्रँडेड घे, डोक्याला ताप नाही" असं सगळे सांगतायत. हे "सगळे" माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी मत. ज्या मशीनच्या आतल्या भागांची पूर्ण नावं विकणारा सांगत नाही, ते घेऊ नका. जोडणं हे या प्रकरणातलं सर्वांत सोपं काम आहे. कस लागतो निवडताना, आणि तयार पीसी घेताना नेमकी ती निवड तुम्ही अशा माणसावर सोपवता ज्याचा फायदा तुम्हाला न दिसणाऱ्या भागांत काटछाट करण्यात आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जाहिरातीत दिसतात. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), कूलर आणि रॅमच्या स्टिक किती, हे दिसत नाही. कात्री तिथेच चालते.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण त्यात हे सगळं एका कॅबिनेटमध्ये सापडलं. मोठ्या कंपनीचा तयार गेमिंग टॉवर. कागदावर आय ७, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी. तक्रार अशी की गेम पहिली काही मिनिटं बरा चालतो, मग फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात, मधेमधे अडखळतो आणि पंखा किंचाळतो. कंपनीच्या मदत केंद्राचं उत्तर: विंडोज पुन्हा टाका. टाकून झालं होतं. फरक शून्य.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. इथे एकच. म्हणजे १६ जीबीची एकच स्टिक, सिंगल चॅनल. प्रोसेसरला मेमरीकडून मिळू शकणाऱ्या बँडविड्थपैकी निम्मी बँडविड्थ बंद. सरासरी फ्रेम यामुळे फार पडतीलच असं नाही, पण सर्वांत मंद फ्रेम आणखी मंद होतात, आणि डोळ्यांना जाणवतं ते अडखळणं तेच. तेवढ्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची दुसरी स्टिक बसवली की अर्धी तक्रार तिथेच संपते. दोन ८ जीबी टाकायला कंपनीला काय धाड भरली होती? काही नाही. एक स्टिक स्वस्त पडते आणि कागदावर आकडा १६ च दिसतो.

पंख्याचं कारण वेगळं. आतला प्रोसेसर आय ७ १२७००एफ. त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट, पण जोर लावला की १८० वॅटपर्यंत जातो. त्यावर कूलर बसवलेला होता तो बोटभर उंचीचा, निव्वळ ॲल्युमिनियमचा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून गेम सुरू केला की तापमान १०० अंशांना टेकतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकही नव्हता. समोरची बाजू काचेने बंद, हवा आत यायला कडेची चिंचोळी फट, मागे एकच छोटा पंखा. अशा पेटीत आय ७ घालून उपयोग काय? त्यापेक्षा नीट थंड ठेवलेला आय ५ त्याच गेममध्ये पुढे जातो.

आणि तो आरटीएक्स ३०५०. या नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं ८ जीबीचं, २५६० कोर आणि १२८ बिट बस. २०२४ चं ६ जीबीचं, २३०४ कोर आणि ९६ बिट बस. दुसरं फक्त मेमरीत कमी नाही, सरळसरळ मंद आहे. जाहिरातीत नाव एकच, पेटीत अर्थातच दुसरं.

मग सुधारणा करायला घेतली तर खरी गंमत. मोठा कूलर बसेना, कारण कूलरचे स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्यातच पक्के केलेल्या खुंट्यांत जात होते. मोठं ग्राफिक्स कार्ड चालेना, कारण एसएमपीएसला कार्डासाठी ८ पिनची वायरच नाही. एसएमपीएस बदलू म्हटलं, तर मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नाही. कंपनीचा स्वतःचा, फक्त १२ व्होल्ट घेणारा. मदरबोर्ड बदलू म्हटलं, तर कॅबिनेटमधली भोकं त्याच्याच मापाची, पॉवर बटणाच्या वायरीसुद्धा वेगळ्याच. शेवटी कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कूलर हे सगळं नवं घेणं एवढाच मार्ग उरतो. वर मशीनसोबत आलेला विंडोजचा परवाना जुन्या मदरबोर्डला बांधलेला, तोही गेला. एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसचं सामायिक माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं ते असं होऊ नये म्हणूनच.

"पण वॉरंटी?" हा त्या सगळ्यांचा हुकमी एक्का. सुटे भाग घेतले तरी वॉरंटी असते, भागागणिक आणि बहुतेक वेळा जास्त. चांगल्या एसएमपीएसला ५ ते १० वर्षं, चांगल्या एसएसडीला साधारण ५, डबाबंद प्रोसेसरला ३, रॅमला बऱ्याच कंपन्या आजीवन देतात. कार्ड बिघडलं तर फक्त कार्ड पाठवायचं. तयार मशीनमध्ये बऱ्याचदा अख्खी पेटी पाठवावी लागते आणि परत येईपर्यंत हात चोळत बसायचं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला तेव्हा, २०२४ मध्ये, इंटेलने डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी आणखी २ वर्षांनी वाढवली. उपाय बायोसच्या (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून आला, आणि तो अपडेट मदरबोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून. सुट्या बोर्डाचं मॉडेल माहीत असेल तर फाइल शोधून टाकता येते. कंपनीच्या स्वतःच्या बोर्डाला कंपनी देईल तेव्हा.

आता तुमचा स्क्रूड्रायव्हर. दोन नंबरचा फिलिप्स, टोकाला चुंबक असलेला, एवढा एकच पुरतो. एक मोकळी दुपार काढा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी आणि कूलर बाहेरच बसवा. रॅमच्या दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा; ती तशीच ठेवून तापमानाची तक्रार करणारे रोज भेटतात. एएमडीच्या एएम ५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, त्यामुळे प्रोसेसर सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. मग कॅबिनेटमधले स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खुंट्या, बोर्डाच्या भोकांशी जुळतात का पाहा. एखादा चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट होतो.

वायरींमध्ये दोन गोष्टी विसरतात: मदरबोर्डच्या वर डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिन, आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावणं. ती मदरबोर्डात लावली की एक तर स्क्रीन काळा, नाहीतर गेम प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर रखडतो. कार्डाला नवा १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो अजिबात फट न राहता आत गेला पाहिजे, आणि वायर कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत वाकवू नका. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळलेत. मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. दुसऱ्या टोकाचा कनेक्टर सारखाच दिसतो, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांची मांडणी कंपनी ठरवते. चुकीची वायर लागली की हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जातात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर रॅम डीडीआर ५ या नव्या पिढीची असेल तर मशीन मेमरीची जुळवणी करतं. एएम ५ वर तर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो. लोक घाबरून वीज काढतात, जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि मग "बोर्ड मेला" म्हणून बोंब. थांबा. चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळते. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर अडकलेला नाही ना, तेही बघा. या शेवटच्या दोन्ही गोष्टी तयार मशीनवाल्यांनाही लागू, कारण कंपन्या बऱ्याचदा त्या तशाच सोडतात.

आता पडती बाजू, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये बिघाड कुठल्या भागात आहे हे तुम्हालाच शोधावं लागतं. दुसरी रॅम किंवा दुसरा एसएमपीएस लावून बघायची सोय नसेल तर ते वैतागवाणं आहे. दरांचंही तसंच. २०२०-२१ च्या टंचाईत सुटं ग्राफिक्स कार्ड बऱ्या दरात मिळेना, तेव्हा तयार पीसी घेणारे शहाणे ठरले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर चढले, तेव्हाही जुन्या दराने भरलेला साठा असलेलं तयार मशीन सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकत होतं. त्यामुळे बेरीज करून बघितल्याशिवाय ठरवू नका. आणि मशीन अशा माणसासाठी असेल जो कॅबिनेट जन्मात उघडणार नाही, तर तयार घ्या, फक्त विकणाऱ्याकडून पाच गोष्टी लेखी घ्या: मदरबोर्डचं मॉडेल, एसएमपीएसचं मॉडेल, रॅमच्या स्टिक किती आणि कुठल्या वेगाच्या, कार्डाची मेमरी, एसएसडीचं मॉडेल. "५५० वॅट गोल्ड" हे मॉडेल नव्हे. मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स किंवा एटीएक्स आहे आणि २४ पिनवर चालतो, हेही विचारा. आल्यावर चालू करण्याआधी झाकण उघडा. कार्ड हलू नये म्हणून आत फोमची पिशवी भरलेली असते.

मधला रस्ताही आहे, आणि तुम्हाला बहुधा तोच जमेल. भागांची यादी तुम्ही ठरवायची, जोडायचं काम विकणाऱ्याने करायचं, आणि रिकामे खोके व प्रत्येक भागाचं बिल मागून घ्यायचं. त्या बिलांशिवाय भागागणिक वॉरंटीला अर्थ नाही.

नेमकी यादी द्यायला तुम्ही मॉनिटरचं रिझोल्यूशन लिहिलेलंच नाही. १०८० पी असेल तर ८ जीबीचं कार्ड आजही चालतं, नव्या गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणून. १४४० पी असेल तर १२ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि आरटीएक्स ५०६० टीआय घेत असाल तर तेही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकलं जातं. बिलावर कुठलं लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या.