व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलल्यावर ‘बायस’ करावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन ईएल८४ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आहेत, एकेका चॅनलला एक. ते नवे घातलेत आणि लॅमिंग्टन रोडला कुणीतरी म्हणालं, ‘बायस करून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह जळतील.’ खरं सांगायचं तर तुमच्या सेटमध्ये बायससाठी फिरवायला बहुधा काही नसेलच. पण तो माणूस अगदीच चूक नाही.

व्हॉल्व्हच्या आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटवरच्या अडीचशे व्होल्टच्या ओढीने तिकडे धावतात. मधली ग्रिड, म्हणजे तारेची जाळी, हा आपला पालिकेचा पाण्याचा चावीवाला. ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी ऋण, तितकी चावी आवळलेली. गाण्याचा सिग्नल ही चावी मागेपुढे करत राहतो, म्हणून गाणं नसताना ती मध्येच कुठेतरी असावी लागते. फार आवळलेली असेल तर अर्धी लाट कापली जाते आणि आवाज फाटतो. फार सैल असेल तर व्हॉल्व्ह भाजून निघतो. ही मधली जागा म्हणजे बायस.

ईएल८४ला प्लेटवर २५० व्होल्ट असताना ग्रिड साधारण ७.३ व्होल्ट ऋण लागते. तेव्हा प्लेटमधून ४८ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे १२ वॉट, आणि या व्हॉल्व्हची सहनशक्तीही तेवढीच. हे ऋण व्होल्टेज तुमच्यासारख्या सेटमध्ये वेगळं बनवत नाहीत. कॅथोडखाली १३० ते १५० ओहमचा रेझिस्टर असतो. करंट त्यातून गेला की कॅथोडच सात व्होल्ट वर उचलला जातो, ग्रिड मात्र शून्यावरच राहते. नवा व्हॉल्व्ह जरा जास्त करंट ओढणारा निघाला तर कॅथोड आणखी वर जातो आणि चावी आपोआप आवळली जाते. म्हणून फिरवायला काही ठेवलेलं नसतं.

मग व्हॉल्व्ह जळतात कशाने? माझे दोन जळले, ते असे. चोर बाजारातून आणलेला सेट, पावसाळ्याची रात्र. दहा मिनिटांत आवाज फाटायला लागला. दिवा घालवून पाहिलं तर एका ईएल८४ची प्लेट विझत्या निखाऱ्यासारखी लाल. व्हॉल्व्ह खराब असेल म्हणून दुसरा घातला, तोही तसाच गेला. दोष होता आधीच्या टप्प्यातून ग्रिडला सिग्नल आणणाऱ्या कपलिंग कंडेन्सरचा. जुने कागदी कंडेन्सर आपल्या दमट हवेत गळतात. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा असेल तर नुसती १० मायक्रोअँपिअर गळती ग्रिडवर ४.७ व्होल्ट धन आणून ठेवते. सात व्होल्टांच्या खेळात पावणेपाच गेले की राहिलं काय!

तेव्हा आधी ग्रिडवर डीसी व्होल्टेज मोजा, जवळपास शून्य हवं. एकदोन व्होल्ट धन दिसले तर सेट बंद करा, तो व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून मोजा. व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर गळतोय, गेलं तर व्हॉल्व्हच बिघडलेला. मग कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून त्याला रेझिस्टरच्या ओहमने भागा. १३५ ओहमवर ७.३ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँपिअर, त्यातले पाचेक स्क्रीनचे (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी), उरलेले प्लेटचे. रेझिस्टरची किंमतही सेट बंद असताना मोजून घ्या, छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

फिरवण्याचा बायस ईएल३४सारखे मोठे व्हॉल्व्ह लावलेल्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतो. तिथे ऋण व्होल्टेजचा वेगळा पुरवठा आणि ते कमीजास्त करायला एक प्रीसेट (फिरवता येणारा छोटा रेझिस्टर) असतो. या प्रीसेटचा आतला संपर्क गंजून सुटला तर चावी सताड उघडी! तुमच्या सेटमध्ये प्रीसेट दिसलाच तर त्याला हात न लावता फोटो टाका.

आणि हो, प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट तग धरून असतात. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने ते उतरवा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा, मगच आत हात घाला. चालू सेटवर मोजताना डावा हात खिशात. स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तसा पुन्हा मिळवताना जीव जातो.

दोन्ही चॅनलचे कॅथोडचे आकडे कळवा, मग पुढचं बघू.