कास पठाराशेजारच्या गावांना पर्यटनाचा खरंच फायदा होतो का?

होतो, पण हंगामापुरताच. मी त्याच भागातला, घरची शेती करणारा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पठारावरची रानफुलं ऑगस्टअखेर सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपतात. नेमकं याच दिवसांत आमचं भात निसवतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात, आणि नाचणी-वरीची राखण सुरू होते. गवे, रानडुकरं रात्रीत खाचरात उतरतात. रात्र शेतातल्या माळ्यावर डबे वाजवत काढायची आणि सकाळी पठारावर तिकिटाच्या नाहीतर पार्किंगच्या कामावर हजर व्हायचं, असं कितीतरी पोरांचं चालतं. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी, कासाणी अशा गावांच्या वन व्यवस्थापन समित्या प्रवेश शुल्क, पार्किंग, साफसफाई आणि गाईडचं काम बघतात. त्यातून गावातल्या माणसाला गावातच रोजगार मिळतो आणि याचं मोल मोठं आहे, कारण आमच्याकडची कितीतरी कर्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी काम करत आली. उताराची, वरकस म्हणजे हलकी जमीन. तिच्यावर घर वर्षभर चालत नाही.

आता गुरांचं. पठार म्हणजे जांभा खडक आणि त्यावर बोटभर माती, तिथं शेती होत नाही, पण आमची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच चरली. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासही जागतिक वारशात आलं, गर्दी वाढली, चराईवर बंधनं आली, जाळीचं कुंपणही झालं. गुरं हटली तसं गवत माजलं. सीतेची आसवं, गेंद ही वीतभर उंचीची फुलं, त्यांना ऊन हवं, उंच गवतात ती दबतात. गुरं गवत खुरटं ठेवायची, शेण मातीत जायचं, हे जुनी माणसं पहिल्यापासून सांगत होती. पुढं ती जाळी काढली गेली. मला मनापासून वाटतं की पठाराबद्दल काहीही ठरवताना गुराख्याला आधी विचारायला हवं. त्याच्याइतकं ते पठार कुणी बारा महिने पायाखाली घातलेलं नाही.

तुम्ही येणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि गावातल्या आजारी माणसाला साताऱ्याला न्यायचं झालं तर जीव टांगणीला लागतो. शेताच्या बांधावर गाडी लावू नका. फुलांत बसून फोटो काढू नका, चिरडलेल्या रोपाला बी धरत नाही. जेवण गावातल्या घरीच घ्या, आधी फोन करून सांगितलं तर चुलीवरची नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळेल. ते पैसे थेट त्या बाईच्या हातात पडतात, मध्ये कुणी नसतं.

आणि फक्त फुलांसाठीच यावं असं नाही. दिवाळीनंतर नाचणी मळून घरात येते, तेव्हा आलात तर नवं धान्य शेतकऱ्याकडूनच घेता येईल.